ख्रिसमस ट्रीचा सातबारा

‘ख्रिसमस ट्री मुळात ख्रिश्चनांचा नाहीच’ हा मजकूर आता डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच फोनवर येऊन पडतो. पाठवणाऱ्यांचे दोन तट आहेत. एकांना सांगायचं असतं की चर्चने युरोपातल्या जुन्या निसर्गपूजकांचं झाड पळवलं, शेंड्याला चांदणी लावली आणि आपलं म्हणून खपवलं. दुसऱ्यांच्या मते हे झाड म्हणजे धर्मांतराचा चंचुप्रवेश. आज ते मुलांच्या शाळेत उभं राहतंय, उद्या घरात येईल. कहर म्हणजे पुष्कळदा दोन्ही मजकूर एकाच माणसाकडून येतात. झाड ख्रिश्चनांचं नाही आणि तेच झाड माणसाला ख्रिश्चन करतं, या दोन गोष्टी एकाच डोक्यात सुखाने कशा नांदतात कोण जाणे.

मला दोन्ही तटांशी भांडायचं आहे, कारण दोघांचा समज एकच आहे. मूळ मालक कोण हे एकदा ठरलं की आज ते झाड लावणाऱ्याचा हक्कही आपोआप ठरतो, असं त्यांना वाटतं. सणाला असा सातबारा नसतो. आणि हौसेखातर तो काढायचाच म्हटला, तरी ख्रिसमस ट्रीच्या उताऱ्यावर ना जुन्या केल्टिक पुरोहितांची नावं निघतात, ना पोपचं. निघतात ते व्यापारी, गिल्डवाले म्हणजे कारागीर-व्यापाऱ्यांच्या संघांतले लोक, जंगल राखणारे चौकीदार आणि खाऊसाठी टपलेली पोरं.

आधी ‘हजारो वर्षांपूर्वीचं झाड’ हा दावा घेऊ. हिवाळ्याच्या मध्यावर, दिवस सर्वांत लहान असतो तेव्हा, हिरव्या डहाळ्या घरात आणायची पद्धत युरोपात फार जुनी आहे यात शंका नाही. रोमन लोक सणासुदीला दारांना लॉरेलच्या डहाळ्या बांधत, दिवे लावत. सन २०० च्या सुमारास कार्थेजचा टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक आपल्याच माणसांवर करवादतो की दिवे आणि डहाळ्या नसलेली दारं हल्ली परधर्मीयांची जास्त सापडतील, तुमची नाही. पण दारावरची डहाळी आणि घरात उभं केलेलं, फळं-मिठाई टांगलेलं अख्खं झाड यांच्यात हजारावर वर्षांची पोकळी आहे, आणि ती भरून काढणारा धड एकही दुवा कागदोपत्री सापडत नाही. सगळं रान उघडंबोडकं झालेलं असताना जे झाड हिरवं राहतं ते माणसाला जवळचं वाटतं. त्यासाठी कुठल्याही देवाची आज्ञा लागत नाही, म्हणून ते कुठल्याही एका धर्माचा पुरावाही ठरत नाही.

ख्रिस्ती बाजूनेही दंतकथांची कमतरता नाही. संत बोनिफेसची गोष्ट सांगतात ती अशी: आठव्या शतकात या धर्मप्रचारकाने जर्मन लोकांच्या डोनार देवाचा ओक तोडला आणि त्याच्या बुंध्यापाशी फर या सदाहरित झाडाचं कोवळं रोप उगवलं; तोच पहिला ख्रिसमस ट्री. ओक तोडल्याची घटना खरी मानतात, ती गाइस्मारजवळ ७२३-२४ च्या सुमारास घडली. पण बोनिफेसचं चरित्र त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच विलिबाल्ड नावाच्या धर्मगुरूने लिहिलं, त्यात त्या लाकडाचं प्रार्थनागृह बांधल्याचं येतं, फरचं रोप येत नाही. ते फार नंतर कुणीतरी गोष्टीत लावलं. तसंच मार्टिन ल्यूथरचं. रात्री रानातून येताना झाडांमागचे तारे बघून त्याला झाडावर मेणबत्त्या लावायची कल्पना सुचली म्हणे. ल्यूथर १५४६ मध्ये वारला. त्याच्या काळच्या कागदांत हे कुठेच नाही. झाडाभोवती कुटुंब घेऊन बसलेल्या ल्यूथरची जी प्रसिद्ध चित्रं आहेत ती एकोणिसाव्या शतकातली. चित्र लोकप्रिय झालं आणि मग त्यालाच पुरावा म्हणू लागले.

मग कागद काय सांगतात? अल्सास प्रांतातलं सेलेस्ता हे छोटं गाव. आज ते फ्रान्समध्ये आहे, तेव्हा जर्मन साम्राज्यात होतं. तिथल्या नगरपालिकेच्या जमाखर्चात १५२१ सालची एक ओळ आहे: संत थॉमसच्या दिवसापासून, म्हणजे २१ डिसेंबरपासून, झाडं राखल्याबद्दल वनरक्षकांना चार शिलिंग. बास, एवढंच. ना देव, ना धर्म, ना चांदणी. पण नगरपालिकेचा खर्च वाचायची सवय असलेल्या माणसाला ही ओळ खूप काही सांगते. राखणदार नेमायची वेळ येते ती चोरी सुरू झाल्यावर. म्हणजे १५२१ च्या आधीच त्या गावातले लोक नाताळच्या तोंडावर गावकीच्या जंगलात कुऱ्हाड घेऊन घुसत होते, आणि इतक्या संख्येने घुसत होते की पैसे मोजून त्यांना अडवणं परवडत होतं. चाळीस वर्षांनी, १५६१ मध्ये, जवळच्याच अमेर्शविर गावाने नियम काढला: नाताळसाठी कुठल्याही नागरिकाने एकाहून जास्त झाड घ्यायचं नाही, आणि तेही आठ बुटांच्या लांबीपेक्षा मोठं नको. एखाद्या रूढीचा जन्म शोधायचा तर पोथ्यांपेक्षा दंडाच्या पावत्या बऱ्या, असं माझं मत बनलं आहे ते अशा नोंदींमुळे. पोथीत काय व्हावं ते लिहितात, पावतीत काय झालं ते.

सेलेस्ताने या ओळीचं पुढे बरंच भांडवल केलं. तिथल्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये डिसेंबरात कमानींना झाडं उलगडत्या काळाप्रमाणे सजवून टांगतात, आणि पर्यटकांची रीघ लागते. त्यांना प्रतिस्पर्धीही आहेत. बाल्टिक किनाऱ्यावरची टालिन आणि रिगा ही दोन शहरं ‘पहिलं झाड आमचंच’ म्हणून एकमेकांशी भांडतात. टालिनचा दावा १४४१ चा, रिगाचा १५१० चा. दोन्हीकडे अविवाहित परदेशी व्यापाऱ्यांची ‘ब्लॅकहेड्स’ नावाची संघटना होती. ही मंडळी झाड बाजारचौकात न्यायची, भोवती नाचायची आणि शेवटी ते पेटवून द्यायची. हे झाड आजच्या अर्थाने ख्रिसमस ट्री होतं का, यावर अभ्यासकांत दुमत आहे. मला तर ते वाचताना होळीच आठवते. रिगाने मात्र टाउन हॉलसमोरच्या फरसबंदीत आठ भाषांत फलक बसवून प्रश्न आपल्यापुरता निकालात काढला आहे.

ब्रेमेनच्या एका गिल्डची १५७० ची नोंद जास्त ओळखीची वाटते. गिल्डच्या इमारतीत छोटं झाड उभं केलं, त्यावर सफरचंदं, अक्रोड-बदामासारखा सुका मेवा, प्रेट्झेल आणि कागदी फुलं लटकवली, आणि नाताळात सभासदांच्या पोरांनी ते झाड हलवून खाऊ लुटला. स्ट्रासबुर्गचा १६०५ चा एक प्रवासी लिहितो की इथे लोक आता घरच्या खोल्यांत फरची झाडं उभी करतात आणि त्यांवर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ बिस्किटं, सोनेरी वर्ख नि साखरेची मिठाई टांगतात. मेणबत्त्यांचा मात्र पत्ता नाही. त्या आणखी उशिरा येतात. फ्रान्सच्या राजघराण्यात लग्न करून गेलेल्या लीझेलोटे या जर्मन राजकन्येने १७०८ मध्ये मुलीला लिहिलेल्या पत्रात आपल्या लहानपणची आठवण सांगितली आहे: टेबलावर बॉक्सवुडची झुडपं मांडायची आणि प्रत्येक फांदीला छोटी मेणबत्ती.

सफरचंदंच का, याचं एक उत्तर बऱ्याच जाणकारांना पटतं. जुन्या दिनदर्शिकेत २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वा यांचा दिवस. त्या सुमारास जर्मन प्रदेशांत स्वर्गातल्या बागेचं नाटक करत. नाटकाला ज्ञानवृक्ष हवा, त्यावर फळ हवं, आणि भर डिसेंबरात पानं असलेलं झाड कुठून आणणार? फर किंवा स्प्रूस कापून आणायचा आणि त्याला लाल सफरचंदं बांधायची. नाटकं पुढे बंद पडली, झाड घराघरांत राहिलं. तसं असेल तर आजचा तो चकचकीत लाल गोळा हा रंगमंचावरच्या सफरचंदाचा पणतू ठरतो. मला ही उपपत्ती आवडते, कारण ती धर्मकथेला, नाटकवाल्यांच्या अडचणीला आणि हवामानाला, तिघांनाही जागा देते. सण असेच बनतात. कुणी एकटा बसून ते रचत नाही, आणि कुणी एकटा ते पळवतही नाही.

आता ‘चर्चने पळवलं’ या वाक्याकडे. चर्चला हे झाड हवंच कुठे होतं? स्ट्रासबुर्गचा धर्मपंडित डानहाउअर १६४० च्या दशकात वैतागून लिहितो की नाताळच्या ज्या अनेक फालतू गोष्टींत लोक देवाच्या वचनापेक्षा जास्त वेळ घालवतात, त्यांतली एक म्हणजे घरात उभं करायचं हे झाड. त्यावर बाहुल्या आणि मिठाई टांगतात, मग हलवून लुटतात. ही रीत आली कुठून ते मला ठाऊक नाही, हा पोरखेळ आहे, असंही तो म्हणतो. झाडाच्या खास गावातला, झाड ज्या शतकात रुजलं त्याच शतकातला विद्वान सांगतोय की याचं मूळ मला माहीत नाही. आपल्या फोनवरच्या मजकुराला मात्र ते नक्की माहीत असतं.

अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटन या कर्मठ प्रॉटेस्टंट लोकांनी तर १६५९ मध्ये नाताळ साजरा करण्यालाच पाच शिलिंग दंड लावला. तो १६८१ पर्यंत राहिला. आजही काही ख्रिस्ती पंथ बायबलमधल्या यिर्मयाच्या दहाव्या अध्यायाकडे बोट दाखवून झाड नाकारतात. रानातलं झाड कापून त्याला सोन्या-चांदीने मढवणाऱ्यांवर तिथे टीका आहे. ती खरं तर लाकडी मूर्तींवरची टीका, पण वाचणाऱ्याने ठरवलं की काहीही लागू पडतं.

कॅथलिकांचं तर वेगळंच. त्यांच्या नाताळच्या केंद्रस्थानी येशू जन्मला तो गोठा. आसिसीच्या फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात खरे बैल-गाढव आणून तो देखावा उभा केला, तेव्हापासून त्यांच्याकडे गव्हाणीला मान. झाड हे उत्तरेकडच्या प्रॉटेस्टंटांचं खूळ, असं कॅथलिक घरांत पिढ्यान् पिढ्या मानलं जाई. व्हॅटिकनमध्ये सेंट पीटर्स चौकात झाड पहिल्यांदा उभं राहिलं ते १९८२ साली, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात. ते पोलंडचे, घरी झाड लावायची सवय असलेले. सेलेस्ताच्या त्या चार शिलिंगांनंतर ४६१ वर्षांनी. पळवलेला माल दुकानात मांडायला इतका उशीर कुणी करत नाही.

इथेच आपल्याकडच्या दुसऱ्या तटाचाही समाचार घेता येतो. पोर्तुगिजांनी गोवा घेतलं १५१० मध्ये, म्हणजे योगायोगाने रिगाच्या झाडाच्याच साली. वसई त्यांच्याकडे आली १५३४ मध्ये आणि चिमाजी आप्पांनी ती घेईपर्यंत, १७३९ पर्यंत, राहिली. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० मध्ये सुरू झालं. या सगळ्या काळात जी धर्मांतरं झाली, काही जुलमाने, काही लाभाने, काही मनाने, त्यांचा इतिहास सांगायलाच हवा आणि तो नीट सांगणारे अभ्यासक आहेत. पण त्यात ख्रिसमस ट्री शोधू नका. तेव्हा पोर्तुगालमध्ये हे झाड कुणाच्या गावीही नव्हतं. तिथे ते पोहोचलं १८४० च्या दशकात, राणी दुसरी मारिया हिचा जर्मन नवरा फर्डिनांड याच्याबरोबर. मुलांसाठी तो राजवाड्यात झाड सजवायचा. ज्या झाडाने एकाही माणसाचं धर्मांतर केल्याची नोंद नाही, त्याला धर्मांतराचं हत्यार म्हणणं म्हणजे साप समजून भुई धोपटणं.

म्हणूनच गोव्यातल्या जुन्या कॅथलिक घरात आजही आधी गोठा होतो. माती, भाताचं काड, उगवलेल्या नाचणीची हिरवी पाती, आरसा ठेवून केलेलं तळं. दारात बांबूच्या कामट्यांचं नक्षत्र. नेवऱ्या, दोदोल, बेबिंका अशा गोडधोडाचं ‘कुसवार’ ताटात घालून शेजारीपाजारी, हिंदूंच्या घरीही जातं, आणि चतुर्थीला त्या घरातून नेवऱ्या परत येतात. झाड या सगळ्याच्या बाजूला, उशिरा येऊन उभं राहिलेलं. किनारपट्टीवर ते बहुधा सुरूची फांदी असतं: पत्र्याच्या डब्यात वाळू भरायची, फांदी खोचायची, बर्फ म्हणून कापूस पसरायचा. सुरूही मूळचा इथला नव्हे, ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवरचा. पण कोकणात समुद्राकाठी सुरूचं बन नसलं तर आता किनारा ओकाबोका वाटतो.

झाड जगभर पसरलं ते धर्मप्रचारकांमुळे फारसं नाहीच. राजकन्यांची लग्नं, छापखाने आणि लढाया हे त्याचे खरे वाटाडे. इंग्लंडच्या राणी शार्लोटने १८०० मध्ये विंडसरला मुलांसाठी यू जातीचं अख्खं सदाहरित झाड सजवलं; ती जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गची. पण तिथल्या सामान्य माणसापर्यंत ते गेलं डिसेंबर १८४८ नंतर. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने राणी व्हिक्टोरिया, तिचा नवरा आल्बर्ट आणि त्यांची मुलं झाडाभोवती उभी असल्याचं चित्र छापलं, आणि प्रत्येक मध्यमवर्गीय घराला तसं चित्र आपल्याही घरात हवंसं वाटू लागलं. दोन वर्षांनी फिलाडेल्फियाच्या एका महिला मासिकाने तेच चित्र अमेरिकेत छापलं. फक्त राणीच्या डोक्यावरचा मुकुट काढला आणि आल्बर्टच्या मिशा उडवल्या. झालं अमेरिकन कुटुंब! ‘परंपरा’ कशी तयार होते याचा याहून प्रामाणिक पुरावा मला ठाऊक नाही. फ्रान्सशी झालेल्या १८७०-७१ च्या युद्धात जर्मन लष्कराने छावण्यांत आणि इस्पितळांत झाडं लावली, तिथून ती कॅथलिक सैनिकांच्याही घरी गेली. थुरिंगियातल्या लाउशा गावच्या काचकामगारांनी फुंकून केलेली फळं आणि गोळे विकायला सुरुवात केली. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी लाल, पांढऱ्या, निळ्या अशा ८० विजेच्या दिव्यांचं फिरतं झाड करून दाखवलं. त्याला भक्ती दाखवायची नव्हती, विजेची जाहिरात करायची होती.

मग हे ‘प्राचीन निसर्गपूजकांचं झाड’ आलं कुठून? बरंचसं आलं एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीतून. राष्ट्र घडवायच्या भरात तिथल्या लोकसाहित्याच्या अभ्यासकांना प्रत्येक चालीरीतीच्या तळाशी अस्सल, ख्रिस्तपूर्व जर्मन संस्कृती दिसू लागली. पुरावा पातळ असला तरी हौस दांडगी होती. पुढे नाझींनी तीच उपपत्ती उचलली. येशू ज्यू होता ही त्यांची मोठीच अडचण; म्हणून नाताळचा त्यांनी वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाचा उत्सव करायला घेतला आणि झाडाला ‘यूल’चं, म्हणजे जुन्या जर्मन हिवाळी सणाचं, झाड म्हटलं. शेंड्यावरच्या चांदणीचा पेच आणखी विनोदी होता. सहा टोकांची लावावी तर ज्यूंची, पाच टोकांची लावावी तर कम्युनिस्टांची. मग तिथे स्वस्तिक किंवा सूर्यचक्र आलं.

आणि कम्युनिस्टांनी काय केलं? रशियात पीटर द ग्रेटने १६९९ च्या अखेरीच्या फर्मानाने नव्या वर्षासाठी दारं-रस्ते फर आणि पाइनच्या डहाळ्यांनी सजवायला लावले होते. नाताळचं सजवलेलं झाड एकोणिसाव्या शतकात जर्मनांकडून आलं. क्रांतीनंतर १९२० च्या दशकाच्या शेवटी ते पाद्र्यांचं थोतांड म्हणून बंद झालं. नंतर २८ डिसेंबर १९३५ ला ‘प्रावदा’ या पक्षाच्या दैनिकात पावेल पोस्तिशेव्ह या पक्षनेत्याचं पत्र छापून आलं: कामगारांच्या मुलांना या आनंदापासून का तोडता? काही दिवसांत झाडं पुन्हा उभी राहिली, आता नववर्षाची म्हणून, शेंड्यावर लाल तारा घेऊन. ज्या मुलांनी ती पाहिली त्यांना ती आपलीच वाटली. रशियात आजही झाड नववर्षाचंच.

म्हणजे एकाच झाडावर एकाच दशकात बर्लिनने आणि मॉस्कोने वेगवेगळं मूळ चिकटवलं, आणि दोघांनाही त्यातून आपली सत्ता पक्की करायची होती. ‘मुळात हे अमक्यांचं’ असं कुणी ठासून सांगू लागलं की मी आधी बघतो, यातून आज कुणाला हाकलायचं आहे. आपल्याकडच्या मजकुराचं उत्तर सरळ आहे. शेजारच्या ख्रिस्ती माणसाला सांगायचं असतं की तुझा सण उसना आहे, तुझं काही स्वतःचं नाही.

हा खेळ आपल्यावरही खेळला जातोच. दर पाडव्याला कुणीतरी सांगतं की गुढी ही १६८९ नंतर, संभाजी महाराजांच्या हत्येनंतर सुरू झालेली रीत आहे. त्याच्या चारशे वर्षं आधीच्या ज्ञानेश्वरीत गुढी उभारण्याचा उल्लेख आहे, चोखोबांच्या अभंगात आहे, हे दाखवलं की वाद तात्पुरता मिटतो आणि पुढच्या चैत्रात पुन्हा उगवतो. पण घटकाभर धरू की असा जुना उल्लेख नसता. तर गुढी आपली नसती? सार्वजनिक गणेशोत्सव १८९० च्या दशकातला आहे, लंडनच्या त्या चित्रापेक्षाही जवळजवळ अर्धं शतक तरुण. त्याचं वय काढून त्याला परका ठरवायला गेलात तर गिरगावात कुणी ऐकून घेईल का? जो न्याय आपण आपल्या मंडपाला लावत नाही तो शेजाऱ्याच्या झाडाला लावायचा, याला इतिहासप्रेम म्हणत नाहीत.

तुळशीपूजनाबद्दलही दोन शब्द. २५ डिसेंबर हा तुळशीपूजन दिवस म्हणून आसारामबापूंच्या आश्रमाने २०१४ पासून पुढे आणला आणि बघता बघता तो शाळांत, सोसायट्यांत पोहोचला. तुळशीची पूजा कुणी कधीही करावी. पण तुळशीला स्वतःचा कार्तिक आहे, स्वतःचं लग्न आहे, उसाचा मांडव आहे, रोजची सांजवात आहे. वारकऱ्याच्या गळ्यात ती आहे, बाईच्या डोक्यावरच्या वृंदावनात ती पंढरपूरला चालत जाते. तिला नाताळच्या झाडाला उत्तर म्हणून उभं करणं हा तिचा मान की अपमान? माझ्या मते अपमान. दुसऱ्याच्या तारखेवर जाऊन जे साजरं करावं लागतं ते त्या दुसऱ्यावरच अवलंबून राहतं.

शाळेत झाड लावावं का? लावावं, पण लावण्याआधी वर्गात ज्या मुलाच्या घरी नाताळ असतो त्याला विचारावं की तुमच्याकडे काय करतात. बहुतेक तो गोठ्याबद्दल सांगेल, आणि बाईंनाही नवीन काही कळेल. लाल टोपी घालून फोटो काढण्यापुरता नाताळ मला आवडत नाही, जसा फेटा बांधून सेल्फी काढण्यापुरता पाडवाही नाही आवडत. मॉलमधल्या तीन मजली झाडाबद्दल तर धार्मिक चर्चा करणंच व्यर्थ. त्याच जागी ऑक्टोबरात तेवढाच मोठा आकाशकंदील होता. दोन्हींचा देव एकच, तो बिलाच्या खिडकीत बसतो.

या मूळ-पुराणात जे प्रश्न खरोखर विचारण्यासारखे आहेत ते बाजूला पडतात. उदाहरणार्थ, प्लॅस्टिकचं झाड घ्यावं की खरं? आपल्याकडे अनेकांना प्लॅस्टिकचं झाड पर्यावरणाला बरं वाटतं, कारण ‘झाड तोडलं नाही’. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्टचा हिशेब वेगळा आहे. दोन मीटरच्या कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन. तेवढंच खरं झाड कचराडेपोत कुजलं तर १६ किलो, आणि जाळलं किंवा भुसा करून वापरलं तर साडेतीन. म्हणजे प्लॅस्टिकचं झाड निदान अकरा-बारा नाताळ वापरलं तरच ते त्या शेवटच्या पर्यायाच्या पंगतीला बसतं. हिशेब युरोपचा आहे, तिथे झाड शेतात लावून वाढवतात. पुण्या-मुंबईत फर वाढत नाही. नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून जे मिळतं ते अरोकेरिया, पॅसिफिकमधल्या नॉरफोक आणि न्यू कॅलेडोनिया बेटांकडचं. त्याच्या फांद्या मजल्यामजल्याने आडव्या फुटतात म्हणून दिसायला शोभून दिसतं. कुंडीत ते वर्षानुवर्षं टिकतं, फक्त पाणी साचू द्यायचं नाही. जमिनीत लावलं तर मात्र इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्या वर जाईल, हे सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी सांगून ठेवावं.

युरोपातल्या खऱ्या झाडांचीही एक बाजू आहे. तिथे आज सर्वाधिक मागणी नॉर्डमन फरला, कारण त्याच्या सुया लवकर गळत नाहीत. डेन्मार्क तो लाखोंनी पिकवतो आणि निर्यात करतो. दोन मीटर व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. पण बी बहुतांशी डेन्मार्कचं नसतं. ते येतं जॉर्जियातून, कॉकेशस पर्वतातल्या राचा भागातून. अंब्रोलाउरीच्या आसपासच्या खेड्यांतली माणसं शरदाच्या सुरुवातीला तीस-तीस मीटर उंच झाडांवर चढतात, कारण या फरची शंकूफळं अगदी शेंड्याला लागतात आणि पिकली की तिथेच फुटून बी वाऱ्यावर जातं. ती हिरवी असतानाच काढायला हवीत. पुष्कळांनी वर्षानुवर्षं हे काम दोराशिवाय केलं, चिकट डिंकाने हात माखलेले आणि खांद्याला पोतं. हंगाम काही आठवड्यांचा, मोबदला किलोवर, आणि पडलं तर घरच्यांनी बघायचं. डेन्मार्कमधल्या काही उत्पादकांनी आता चढणाऱ्यांना प्रशिक्षण, हार्नेस आणि विमा द्यायला सुरुवात केली आहे, आणि त्यासाठी झाडामागे ग्राहकाकडून थोडे जास्त पैसे घेतात. बाकीच्या उत्पादकांनीही हे करावं म्हणून युरोपातल्या ग्राहकाने दुकानात विचारायला हवं की या झाडाचं बी काढायला जो चढला त्याच्या कमरेला दोर होता का.